पक्ष त्यांचा, आमचा नाही

दोह्यातल्या मुऐदर भागातल्या आमच्या व्हिलात त्या संध्याकाळी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला आमंत्रण नव्हतं. मुद्दाम वगळलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आमंत्रण ग्रुपवर टाकलं. ती त्या ग्रुपवर नाही, त्याला मी काय करणार? भित्र्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपसारखा आधार नाही.

ही तीच बाई. माझ्या बाळंतपणात इथे ना आई होती, ना सासू. डिंकाचे लाडू तिने केले, माझ्या लेकीला पहिली अंघोळ तिनेच पायावर घेऊन घातली.

बिनसलं ते गणपतीवरून. काहींना सगळ्या दोह्याचा मिळून एकच मोठा कार्यक्रम हवा होता, एकाच समितीच्या हातात. बाकीचे म्हणाले, आपापल्या भागात, घरगुतीच बरा. मी पहिल्या बाजूला, ती दुसऱ्या. देव एकच, आरत्या त्याच, मोदकही तेच. तरी बघता बघता ग्रुप दोन झाले. मग सुपरमार्केटमध्ये ती समोरून येताना दिसली की मी ट्रॉली डाळींच्या रांगेत वळवायला लागले. डाळ घरी भरपूर असायची.

आमच्या दोघींच्या मुली मात्र एकाच वर्गात, अमेरिकन शाळेत. दोघींना मिळून प्रोजेक्ट आलं होतं: अमेरिकेतले पहिले राजकीय पक्ष कसे जन्मले. त्याची तयारी त्या आमच्याकडेच करत होत्या. बायका जमल्यावर एकीला हौस आली, "करून दाखवा गं आम्हालाही." आम्ही काळ्या साड्या सावरून बसलो आणि मुलींनी टीव्हीवर स्लाइड लावल्या.

पहिल्या अध्यक्षाला पक्ष नकोच होते, त्या सांगत होत्या. पण त्याच्याच दोन मंत्र्यांचं जमेना. खजिन्याच्या मंत्र्याला मजबूत केंद्र सरकार आणि राष्ट्रीय बँक हवी. परराष्ट्रमंत्र्याला वाटे, सत्ता राज्यांकडे राहावी, शेतीवाडीवाल्यांचं चालावं. दोघांच्या बाजूची वेगवेगळी वर्तमानपत्रं निघाली, चिखलफेक सुरू झाली. अध्यक्षाने निरोप घेताना बजावलं की गट पाडू नका. कुणी ऐकलं नाही. जुने स्नेही एकमेकांना टाळायला रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागले. मी साडीच्या निऱ्या उगीचच नीट करत राहिले.

एवढ्यात बेल वाजली. लेकीला न्यायला ती आली होती. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत काळ्या साड्या. तिला काय ते कळलं.

"यल्ला, आटपा गं तुमचं," ती मुलींना म्हणाली आणि मला म्हणाली, "चालू दे तुमचं. मी इथेच थांबते."

"आत ये ना," मी म्हटलं. ते माझं मलाच खोटं वाटलं.

मुलींना कसलंच भान नव्हतं. शेवटची स्लाइड लागली. गंमत अशी, माझी लेक इंग्रजीत सांगू लागली, की आपला पक्ष आहे हे सुरुवातीला कुणीच कबूल करत नव्हतं. दोन्हीकडचे म्हणत, आम्ही म्हणजे अख्खा देश. पक्ष काढलाय तो त्यांनी.

"अँड गेस व्हॉट, वी आस्क्ड अवर मदर्स!"

मग तिने माझं उत्तर वाचलं, मराठीतच, माझ्याच ठसक्यात: "आमचा कसला गट? आम्ही सगळ्यांसाठीच आहोत. गट त्यांनी पाडला." लगेच दुसरीने तिच्या आईचं वाचलं. शब्दन् शब्द तोच. दोघी खिदळल्या. सोफ्यावरची एक हसली आणि बाकीच्यांकडे बघून तिने पदर तोंडाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दारात आलेल्या सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय पाठवत नाहीत. मी करंडा घेऊन गेले. तिने ओढणी सारखी करून कपाळ पुढे केलं, मग रीतीप्रमाणे माझ्याही कपाळाला हळदीकुंकू लावलं. वाण द्यायला वळले, तर तबकात तिच्यासाठी काही नव्हतंच. मी ते ग्रुपपुरतंच आणलं होतं. हे तिने पाहिलं आणि लेकीच्या दप्तराची चेन लावायला ती खाली वाकली.

मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. पुढचं "गोड बोल" दरवर्षी आपोआप तोंडात येतं, ते काही केल्या येईना.

शेवटी तेही तिनेच म्हटलं.