नवव्या घरावर बाद

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय — बहुतेकदा जेवताना, आणि बहुतेकदा हसत. लिहिणारा प्रत्येक जण आधी शपथेवर सांगतो की त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता. फरक इतकाच की माझा अजूनही नाही. तरी लिहितोय, कारण जे झालं ते सहा जणांनी माझ्यासोबत ऐकलं, आणि त्याची नोंद एका समितीच्या अहवालात छापून आलेली आहे. समितीच्या अहवालात भूत येणं ही मला वाटतं या सदरातही पहिलीच वेळ असेल.

२००७-०८ मधली गोष्ट. अंबरनाथ पूर्वेला, स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर, एका विद्यापीठाची छोटी प्रयोगशाळा होती. तळमजल्यावर दोन खोल्या. दारावर पत्र्याची पाटी — 'शारीरिक-क्रियाशील अंकीय क्रीडा संशोधन व विकास कक्ष'. पाटी दारापेक्षा लांब निघाली, म्हणून 'कक्ष' हा शब्द भिंतीच्या कोपऱ्यावरून वळवून पलीकडे ठोकला होता. रिक्षावाल्यांना एवढं लागत नसे. "वो नाचनेवाला ऑफिस? बैठो."

त्यांचं फार चुकत नव्हतं. खुर्चीत बसून बोटांनी खेळायचे नाहीत, अंग हलवून खेळायचे असे कॉम्प्युटर गेम आम्ही तयार करायचो. आमचे प्रमुख — त्यांना सगळे मोठे सर म्हणत — प्रत्येक भाषणात सांगायचे की आपण देशाला खुर्चीतून उठवणार आहोत. हे ते बसून सांगायचे. मी तिथे तंत्रसहाय्यक होतो. सोल्डरिंग, वायरी, थोडंफार प्रोग्रॅमिंग, आणि पंखा बंद पडला तर तोही माझाच.

खरं संशोधन करायची नूतन गायकवाड. उल्हासनगरची, चार नंबर कॅम्पातली, पीएच.डी.चं तिसरं वर्ष. तिचा गेम म्हणजे आपली ठिकरीच, विटकरीने घरं आखून खेळतात ती. फक्त आमची सोळा घरं प्लायवूडची होती, चार-चारच्या चार ओळी. प्रत्येक घराखाली भोकं पाडलेला फोम आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियम फॉइल. पाय पडला की दोन्ही फॉइल एकमेकांना टेकायच्या आणि कॉम्प्युटरला कळायचं. समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टर पुढचं घर दाखवायचा. त्याच घरावर पाय पडला की स्पीकरमधून "बरोबर". भलत्या घरावर किंवा रेघेवर, म्हणजे एकदम दोन घरांवर पडला, की "बाद". दोन्ही शब्द नूतनच्याच आवाजात होते. त्यातला "बाद" तिने कडक सर्दीत रेकॉर्ड केला होता, त्यामुळे तो शोकसभेतून आल्यासारखा वाटायचा.

तिच्या गेमची खुबी वेगळीच होती. पाय, काठी, कुबडी, काहीही टेकलं तरी तो पायच धरायचा. ज्याला लंगडी घालता येत नाही त्यालाही तेच नियम आणि तोच निकाल. वेळ हवा तेवढा घ्या, पण सूट नाही.

ही कल्पना तिच्या आईवरून आलेली. यमुनाताई. माहेर बदलापूरचं शिरगाव, तेव्हा ते पुरतं खेडं होतं. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला कॅलिपर, हातात काठी. आनंदनगरच्या एका औषध कारखान्यात पॅकिंगला चेकर होत्या. गोळ्यांच्या पट्ट्या समोरून सरकत जायच्या आणि एखादा खळगा रिकामा दिसला की ह्या पट्टी उचलून बाजूला फेकायच्या. शनिवारी पहिली पाळी संपली की आमच्याकडे यायच्या.

"जय भीम, पाटणकर भाऊ. आज कितव्या घरावर काढताय मला?"

"मी कुठे काढतो, ताई? तुमची मुलगी काढते."

"तिला सवयच आहे. स्वयंपाकातही काढते."

एकदा चहा पिताना त्या म्हणाल्या, "शिरगावात पोरी मला खेळायला घ्यायच्या. पण कच्चा लिंबू म्हणून. रेघेवर पाय पडू दे, ठिकरी बाहेर जाऊ दे, मला बाद धरायचंच नाही. सगळ्यांना वाटायचं काय प्रेमळ पोरी आहेत. पण भाऊ, ज्याला कुणी बाद करत नाही ना, त्याच्या खेळाकडे कुणी बघतही नाही."

नूतन माझ्याकडे वळून म्हणाली, "या एका वाक्यावर माझी पीएच.डी. आहे सर. बाकी सगळे तक्ते."

मग समितीची वेळ आली. तीन सदस्य येणार, कक्ष बघणार, आणि पटलं तर दोन वर्षं मुदतवाढ. नाही पटलं तर पाटी खाली. पाटीचं मला दुःख नव्हतं, पण नूतनची तीन वर्षं त्या प्लायवूडखाली होती. प्रयोग अर्धाच झालेला. कक्ष बंद झाला तर तिला नवा विषय, नवे मार्गदर्शक, सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं, आणि घरात तिच्या लग्नाचा विषय निघून जुना झाला होता.

प्रात्यक्षिक यमुनाताईंनीच दाखवायचं ठरलं. सरावात त्या आठव्या घरापर्यंत झकास जायच्या. नववं घर वळणावर होतं, तिथे काठी हमखास रेघेवर पडायची. बाद. त्या हसायच्या आणि परत पहिल्या घरावर जाऊन उभ्या राहायच्या.

आदल्या दिवशी मोठ्या सरांनी मला बाजूला घेतलं.

"पाटणकर, पाहुण्यांसमोर त्या बाईंना बाद म्हणायचं... बरं दिसत नाही हो."

"सर, पण प्रयोग तोच आहे."

"प्रयोग नंतर. आधी मुदतवाढ. उद्यापुरतं त्यांना कच्चा लिंबू करून टाका ना. आणि नूतनला बोलू नका. ती तत्त्वनिष्ठ आहे." एखाद्याला मधुमेह आहे हे ज्या सुरात सांगतात त्या सुरात ते हे म्हणाले.

मी केलं. उगाच दुसऱ्यावर ढकलत नाही. नूतनची तीन वर्षं वाचत असतील तर एक दिवसाची लबाडी चालेल, असा हिशेब मी मनाशी केला. प्रोग्रॅममधला चूक ओळखणारा भाग बंद केला. माझ्या प्रोग्रॅमिंगवर माझाच भरवसा नसल्यामुळे "बाद"ची ध्वनिफीतही पेन ड्राइव्हवर घेतली आणि कॉम्प्युटरवरून कायमची पुसली. पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात ठेवला. आता त्या कॉम्प्युटरकडे बोलायला एकच शब्द उरला होता — "बरोबर". मोठ्या सरांच्या कक्षाला तो शोभणाराही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला समिती आली. दोन गृहस्थ, एक बाई. दीपप्रज्वलन झालं — म्हणजे पंखा बंद करून झालं. शाल, नारळ. मग मोठे सर बसून देशाला खुर्चीतून उठवण्यावर बोलले. त्यानंतर यमुनाताई उठल्या. इस्त्रीची निळी साडी नेसल्या होत्या. काठी टेकवत पहिल्या घरावर गेल्या.

"बरोबर." दुसरं. "बरोबर." समिती सौजन्याने मान हलवत होती. आठवं घर झालं. त्या वळल्या, आणि काठी टेकली ती नवव्या आणि दहाव्याच्या मधल्या रेघेवर. मला स्पष्ट दिसलं. आता काहीच ऐकू येणार नव्हतं, मी तशी व्यवस्थाच केली होती.

"बाऽऽद."

स्पीकरमधून. नूतनचा सर्दीवाला आवाज नव्हे... लहान मुलीचा. आठ-नऊ वर्षांची असेल. खणखणीत, हेल काढलेला, आणि त्यात अशी खुशी, की दुपारभर वाट बघून अखेर पकडलं एकदाचं.

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. पेन ड्राइव्ह जागेवर होता.

यमुनाताई जिथल्या तिथे थांबल्या. स्पीकरकडे बघत राहिल्या. आणि मग त्या हसायला लागल्या... तोंडावर पदर वगैरे काही नाही, पोट धरून हसत होत्या.

मोठे सर लगबगीने म्हणाले, "चालेल, चालेल यमुनाबाई. खेळा पुढे."

"नाही साहेब. बाद म्हणजे बाद." आणि त्या काठी टेकवत घरांबाहेर आल्या. "आता दुसऱ्या कुणाचा तरी डाव. मॅडम, येता का?"

समितीतल्या बाईंनी क्षणभर विचार केला, चपला काढल्या, पदर खोचला आणि लंगडी घालत निघाल्या. पाचव्या घरावर दुसरा पाय रेघेवर टेकला. स्पीकर गप्प. कॉम्प्युटरला चूक कळतच नव्हती. पण यमुनाताई कडेला उभ्या होत्या, आणि त्यांचं कामच नग बाजूला काढायचं.

"मॅडम, बाद."

"अहो, जरासाच टेकला."

"जराशी रिकामी पट्टीसुद्धा आम्ही पास करत नाही."

मग दोन्ही गृहस्थही उतरले. एक जण तर शाल खांद्यावर तशीच ठेवून लंगडी घालत होता आणि शालीचं टोक रेघेला लागलं तर बाद का नाही, यावर दुसऱ्याशी भांडत होता. मोठ्या सरांनाही उठवलं. दुसऱ्याच घरावर बाद. त्यांनी नियमावली मागितली. चहा तिकडे गार झाला. यमुनाताईंचा दुसरा डाव आला तेव्हा नववं घर येताच खोलीत सगळे श्वास धरून होते — तासाभरापूर्वी सौजन्याने मान हलवणारी माणसं आता खरोखर बघत होती. काठी घराच्या बरोबर मधोमध पडली. दहावं. अकरावं. त्या सोळाव्या घरावर पोहोचल्या तेव्हा टाळ्या इतक्या झाल्या की शेवटचं "बरोबर" कुणाला ऐकूच आलं नाही.

पाहुणे समोशांकडे वळले आणि मी कॉम्प्युटरकडे. ध्वनिफितींचा फोल्डर उघडला. एकच फीत. "बरोबर". बंद केलेला भाग बंदच होता.

नूतन मागे येऊन उभी राहिली. "आवाज बदललात ते सांगितलं नाहीत सर. कुणाची मुलगी? गोड आहे."

मी पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरत गेला. ती काही बोलणार एवढ्यात यमुनाताईंनीच मागून विचारलं, "म्हणजे मला परत कच्चा लिंबू केलं होतंत?"

"हो, ताई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रिकाम्या पट्टीकडे बघत असतील तसंच. मग ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं.

"पण तिनं होऊ दिलं नाही ना."

"कुणी?"

"शेवंतानं. शिरगावात आमच्या शेजारी राहायची. सगळ्या पोरी मला कच्चा लिंबू म्हणायच्या, ही एकटी भांडायची. 'यमीला बाद धरायचं. ती खेळतेय ना?' आणि मी चुकले की अश्शी हेल काढून ओरडायची... गावभर ऐकू जायचं. नऊ वर्षांची असताना तापानं गेली. त्यानंतर मला कुणी बाद केलंच नाही. या पोरीच्या मशीनपर्यंत."

"आई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस," नूतन म्हणाली.

"तू कधी विचारलंस, माझ्याशी भांडायचं कोण म्हणून?" असं म्हणून त्या समोसा घ्यायला गेल्या.

मी सगळ्या शक्यता तपासल्या. शेजारच्या गल्लीतली मुलगी? पण आवाज स्पीकरमधून आला होता, सगळ्यांच्या माना तिकडेच वळल्या होत्या. स्पीकरच्या वायरी कधीकधी रेडिओ पकडतात, हे मी स्वतः पाहिलंय. असेल. पण नेमक्या त्या सेकंदाला, नेमका तोच एक शब्द... रेडिओवर ठिकरीचं धावतं वर्णन लागत असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मुदतवाढ मिळाली. अहवालात तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की खेळातल्या सूचना लहान मुलीच्या आवाजात देण्याची कल्पना उल्लेखनीय आहे. मोठ्या सरांनी त्या कल्पनेवर पुढे दोन परिसंवादांत भाषणं केली. नूतन माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने प्रोग्रॅम पूर्ववत केला आणि मग बोलली. तिला पीएच.डी. मिळाली. सर्दीवाला "बाद" शेवटपर्यंत तोच राहिला. तो दुसरा आवाज परत कुणी ऐकला नाही.

एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी दुपारी सगळे गेले, मायलेकी रिक्षात बसल्या, आणि मी कुलूप लावायला एकटा मागे राहिलो. फीत अजून पेन ड्राइव्हवरच होती. मी चपला काढल्या, पहिल्या घरापासून लंगडी घालत निघालो. चाळिशीत ते दिसतं तितकं सोपं नसतं. नवव्या घरावर मुद्दाम, नीट बघून, दोन्ही पाय रेघेवर टेकले. आणि थांबलो.

पंखा फिरत होता. स्पीकर गप्प.

फीत नाही, प्रोग्रॅमचा तो भाग बंद, म्हणजे काहीच ऐकू यायला नको होतं. सगळं शास्त्राप्रमाणे झालं. तरी मी बराच वेळ तिथे उभा होतो, आणि खरं सांगायचं तर मला जरा वाईटच वाटलं... मला तिनं कच्चा लिंबू धरलं होतं.