कुलूप असलेलं टेबल

भिंगरीचं खरं नाव कॉलेजच्या रजिस्टरमध्ये आहे आणि ते तिथेच बरं आहे. चालायला लागल्यापासून ही पोर एका जागी बसली नाही, म्हणून बाबांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि बावीस वर्षांत हे नाव बदलावं असं तिनं काही केलेलं नाही. अशा मुलीनं फिल्मचं संकलन शिकायला घ्यावं, म्हणजे दिवसाचे दहा तास खुर्चीला चिकटून राहायचं काम आपण होऊन अंगावर घ्यावं, याचं घरात सगळ्यांना नवल वाटलं होतं. आईनं तर विचारलंच होतं, "उभ्यानं करता येतं का गं ते?"

येतं. टेबल उंच पाहिजे, एवढंच. भिंगरीचं टेबल म्हणजे खरं तर एक दार होतं. एक जुनं ऑफिस पाडत होते तेव्हा तिथली कुलपं काढायला बाबांना बोलावलं होतं. कुलपं काढता काढता एक दार त्यांना आवडलं आणि त्यांनी ते हातगाडीवर घालून घरी आणलं. लोखंडी ड्रॉवरच्या दोन कपाटांवर, खाली विटा देऊन, त्यांनी ते आडवं टाकलं. त्याचं कुलूप मात्र काढलं नाही. किल्लीसकट तसंच ठेवलं. "असू दे. दाराला कुलूप नसलं की दार उघडंनागडं दिसतं," ते म्हणाले.

मुठीच्या भोकातून आता वायरी खाली गेल्या होत्या. वर दोन स्क्रीन, त्यातल्या डावीकडच्या स्क्रीनच्या कडेला एक हिरवी रेघ कायमची. ती स्क्रीन मामाच्या दुकानातून आली तेव्हाच तशी होती. तीन हार्ड डिस्क, प्रत्येकीवर रंगीत चिकटपट्टी. भिंतीवर कार्डं, चित्राची निळी आणि आवाजाची पिवळी. एका डब्यात बोटभर उरलेल्या पेन्सिली, कारण विचार करताना ती पेन्सिली चावायची आणि नव्या पेन्सिली चावणं तिच्या जिवावर यायचं. आणि उजव्या हाताशी ते कुलूप. काही सुचेना झालं की भिंगरी त्यातली किल्ली फिरवायची. खट्, पट्टी बाहेर. खट्, पट्टी आत. बाहेरच्या खोलीत बसलेल्या आईबाबांना नुसत्या खटखटीवरून कळायचं की आज काम कसं चाललंय.

त्या गुरुवारी सकाळपासून खटखट थांबली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता फिल्म जमा करायची होती. शेवटच्या वर्षाची, बारा मिनिटांची, बाबांवरची. त्यांनी चौतीस वर्षं किल्ल्यांचं दुकान चालवलं आणि आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी शटर खाली ओढून ते घरी आले. "कंटाळा आला," एवढंच कारण दिलं. फिल्मसाठी त्यांनी दोन दिवस दुकान पुन्हा उघडलं होतं. अकरा मिनिटं जमली होती. शेवट नव्हता. सोमवारपासून भिंगरीनं निळी कार्डं खाली आणि पिवळी वर केली, मग पिवळी खाली आणि निळी वर केली. दोन्ही स्क्रीनची अदलाबदल केली. कीबोर्डची एकेक कळ काढून जुन्या ब्रशनं घासली. 'शेवट', 'शेवट नवा', 'शेवट आता खरंच' आणि 'शेवट देवा' अशा चार फायली केल्या. काम सोडून सगळं केलं.

संकलनाच्या मॅडमनी मागच्या आठवड्यात अकरा मिनिटं पाहिली आणि चष्मा काढून डोळे चोळले. "तुझे वडील बोलतात फार छान. पण करत काहीच नाहीत. किल्लीवाल्यावर फिल्म आहे, मग किल्ली कुठाय?"

किल्ली नव्हतीच. त्या दोन दिवसांत बाबा गोष्टी सांगत राहिले. स्वतःच्याच घराबाहेर अडकलेल्या नवरदेवाची सांगितली, तिजोरीत तिजोरीचीच किल्ली ठेवणाऱ्या वकिलाची सांगितली. पण कानस हातात घ्या म्हटलं की कधी उजेड बरोबर नसायचा, कधी आधी चहा हवा असायचा, कधी नेमकं कुणीतरी हाक मारायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरीचा तोल गेला. शेजारपाजारच्या दुकानदारांसमोर ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला माझी फिल्म व्हायलाच नकोय का?" बाबा हसले. "हवीये ना गं," म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले. तो राग तिच्या मनात अजून होता. अकरा मिनिटं परत परत बघताना तो वाढतच होता.

साडेदहाला फोन वाजला. कानसेनचा. हा तिच्या वर्गातला आवाजवाला. याला पलीकडच्या गल्लीत कुणाचा कुकर झाला तेही ऐकू येतं, म्हणून हे नाव.

"दुकानातला रूम टोन पाठव," तो म्हणाला. "तुझ्या कापाकापीत मध्ये मध्ये आवाजाला खड्डे पडलेत. बुजवायला दुकानातली शांतता लागेल."

प्रत्येक जागी शूटिंग संपलं की त्या जागेची एक मिनिट शांतता रेकॉर्ड करून ठेवतात. कुणी बोलायचं नाही, कुणी हलायचं नाही. कुठलीही खोली गप्प असली तरी तिचा म्हणून एक आवाज असतोच. नंतर दोन वाक्यांमधल्या फटी त्यानं भरतात. भिंगरीला हलल्याशिवाय मिनिटभर उभं राहता यायचं नाही, म्हणून कानसेन तिला दर वेळी बाहेर काढायचा. त्या दिवशी शेजारच्या दुकानाचा कूलर बंद करायला सांगण्याच्या निमित्तानं तो तिला सोबत घेऊन गेला. कॅमेरा काउंटरकडे तोंड करून चालूच राहिला, कारण आवाज त्यातच जात होता. "बाबा, तेवढं मिनिटभर आवाज करू नका हं," असं बजावून ती गेली होती. त्या तुकड्याचं चित्र तिनं कधी पाहिलंच नव्हतं. नुसत्या शांततेचं चित्र कोण बघतं?

फाईल शोधताना तो तुकडा उघडला गेला.

रिकामा काउंटर. किल्ली आवळून धरायचा वाइस. मागे खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्यांच्या रांगा. मग कडेनं बाबा चित्रात आले, दाराकडे बघत, पाय न वाजवता. त्यांनी ड्रॉवर हळूच ओढला, एक कोरी किल्ली काढली आणि ती वाइसमध्ये धरायला गेले. किल्ली बसेना. हात थरथरत होता. किल्ली पडली ती त्यांनी दुसऱ्या हातात झेलली, आवाज होऊ दिला नाही. पुन्हा धरली. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट पकडलं, तर दोन्ही हात थरथरू लागले. तिसऱ्यांदा किल्ली बसली. त्यांनी कानस उचलली, किल्लीवर टेकवली, आणि ती जागेवर राहीना. ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग सगळं जिथल्या तिथे ठेवलं, स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. दार वाजलं. भिंगरीचाच आवाज आला, "झालं?" आणि बाबा म्हणाले, "झालं. मी आवाज नाही केला हं."

 बाबा अर्धाच कप चहा का मागतात, सोसायटीच्या कागदावर आई सही का करते, जेवताना हल्ली भिंतीकडे तोंड करून का बसतात, हे सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. रोज समोर होतं. कार्डांचा रंग जुळवणाऱ्या मुलीला ते दिसलं नव्हतं. आणि वर तिनं चारचौघांत त्यांना बोल लावला होता.

पण खरं सांगायचं तर हे सगळं नंतर वाटलं. पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की सापडला. शेवट सापडला. ती आधी संकलक झाली आणि मग मुलगी. रडू फुटायच्या आत हातानं तो तुकडा ओढून अकराव्या मिनिटाच्या पुढे लावलाही होता. तो असा बसला की एक चौकटही कापावी लागेना. मॅडम गप्प होणार होत्या. कॉलेजच्या शोला सगळं सभागृह गप्प होणार होतं. आपल्या हाताच्या या चपळाईची तिला किळस आली.

तिनं तुकडा काढला. पुन्हा लावला. खिडकीपर्यंत गेली, परत आली, भांडी घासून आली, ओल्या हातांनीच पुन्हा काढला. हा शेवट नसेल तर फिल्म म्हणजे बाबांच्या गप्पा. असेल तर पाचशे लोक बाबांचे हात बघणार, आणि ते पहिल्या रांगेत बसलेले असणार. किल्ली खटखटत होती.

"भिंगरे, त्या कुलपाला तेल दे!" बाहेरून बाबा ओरडले. "कोरडं पडलंय. इथे ऐकू येतंय!"

निदान फिल्म सुरुवातीपासून बघून तरी घ्यावी म्हणून तिनं ती लावली. तिसऱ्या मिनिटाला बाबा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "मालक दारात उभा नसेल तर मी कुलूप उघडत नाही. पोलीस आले तरी नाही. आधी मालक आणा, म्हणतो." हे वाक्य तिनं महिन्याभरात शंभरदा ऐकलं होतं. त्यातला एक श्वास कापायचा की नाही यावर एक अख्खी दुपार घालवली होती. आज पहिल्यांदाच ते तिला लागू झालं.

तिनं दार उघडलं. "बाबा, जरा आत येता? एक बघायचंय."

बाबा खिशात हात घालून आले. हल्ली ते खिशात हात घालूनच फिरायचे. भिंगरीनं त्यांना खुर्ची दिली, तुकडा लावला आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. मिनिट संपलं. बाबांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"तू बाहेर गेली होतीस," ते म्हणाले.

"कॅमेरा चालू होता. मला माहीत नव्हतं. आत्ताच बघितलं."

"हं. आईला माहीत आहे. कंप आहे म्हणतात, गोळ्या चालू आहेत. तुझी परीक्षा झाली की सांगणार होतो." मग त्यांनी विचारलं, "हे लोकांना दाखवणार?"

"तुम्ही हो म्हणालात तरच. नाही म्हणालात तर आत्ता, तुमच्यासमोर पुसून टाकते. बाबा, मी त्या दिवशी तुम्हाला फार वाईट बोलले."

"बोललीस खरी." त्यांनी मान हलवली. "पण हे नको, भिंगरे. यात मी चोरासारखा दिसतोय. माझ्याच दुकानात, दाराकडे बघत बघत." भिंगरी पुढे झाली आणि तिनं तो तुकडा पुसला. तिन्ही डिस्कवरून. आवाज ठेवायचा की नाही हेही तिनं विचारलं नाही, तोही गेला. शेवटची हार्ड डिस्क तिनं काढून ठेवली तरी बाबा उठले नव्हते. त्यांनी खिशातून हात बाहेर काढला आणि टेबलातली किल्ली फिरवून बघितली.

"आतून गंजलंय. खोलावं लागेल," ते म्हणाले. "कॅमेरा चार्ज आहे का?"

"बाबा, माझ्यासाठी म्हणून करू नका."

"तुझ्यासाठी कोण करतंय? कुलूप दुखतंय. पेचकस आण. बशी आण स्क्रू ठेवायला. आणि तो दिवा इकडे घे, उजेड बरोबर नाही." दोघंही हसली, कारण हे वाक्य दोघांनाही पाठ होतं.

कीबोर्ड, डबा, स्क्रीन सगळं बाजूला गेलं. चार स्क्रू काढायला बाबांना पंचवीस मिनिटं लागली. पेचकस खाचेतून निसटायचा, लाकडावर ओरखडे काढायचा, ते पुन्हा लावायचे. दोनदा त्यांनी त्या पेचकसाला अशी शिवी दिली की ती फिल्ममध्ये ठेवता येणार नव्हती. भिंगरीचे हात शिवशिवत होते. पुढे होऊन दोन मिनिटांत काढून द्यावं असं तिला दर क्षणी वाटत होतं, आणि ती कॅमेऱ्यामागे घट्ट उभी होती. चौथ्या स्क्रूला बाबा वर न बघता म्हणाले, "धर गं जरा." कॅमेरा तसाच चालू ठेवून ती चित्रात गेली. तिनं त्यांच्या मनगटाखाली हात दिला, आणि स्क्रू निघाला.

तेल पडलं. कुलूप तीन स्क्रूंवर परत बसलं, चौथा गंजलेला तेवढा बशीत राहिला. बाबांनी किल्ली फिरवली तेव्हा पट्टी अजिबात न कुरकुरता बाहेर आली.

"आता एक मिनिट शांतता घ्यायची," भिंगरी म्हणाली. "बोलायचं नाही, हलायचं नाही."

"तू बाहेर जातेस ना?"

"नाही. मी इथेच."

बाबांनी हातांकडे बघितलं. "मग यांना कुठे ठेवू?"

"टेबलावर ठेवा."

त्यांनी ठेवले, बशीच्या शेजारी, दिव्याच्या उजेडात. भिंगरी साठ सेकंद जागची हलली नाही. घरात हे कुणी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि दारात उभ्या असलेल्या आईनं ते पाहिलं.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला कॉलेजच्या आवाजाच्या खोलीत कानसेन शेवटचं मिनिट ऐकत बसला होता. फिल्म पूर्ण झाली होती, फाईलचं नाव नुसतं 'शेवट' होतं. दुकानाचे खड्डे त्यानं शिव्या घालत दुसऱ्या कुठल्यातरी शांततेनं बुजवले होते. आता त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि एक कान हेडफोनमधून मोकळा केला.

"तुझ्या या शांततेत काहीतरी खडखडतंय. बशीत लोखंड हलल्यासारखं. अगदी बारीक, पण सारखं चाललंय. काढून टाकू?"

"नको," भिंगरी म्हणाली. "बाबा आहेत ते."