युसुफ रंगाऱ्याचा लाल पडदा

जव्हारात तेव्हा राजांचा अंमल होता. दसऱ्याला आमची नाटक कंपनी तिथे उतरली. मी मिशा काढून वनात टाकलेली राणी व्हायचो. पेटारे उघडले, तर घाटातल्या पावसाने रानाच्या पडद्यावरचं चित्र पार धुऊन नेलेलं.

बाजारात युसुफ रंगारी होता. पाड्यांवरच्या बायकांची लुगडी रंगवून तो आपलं आणि आईचं पोट भरायचा. कंपनीच्या मालकांनी त्याला नवं मांजरपाट शिवून दिलं आणि सांगितलं, "रंगवून दे. रानाचा रंग पाहिजे."

घोटाळा तिथेच झाला. मालकांच्या डोळ्यांपुढे झाडं होती. रंगाऱ्याच्या घरी रंगवणं म्हणजे बुडवणं.

प्रयोगाच्या संध्याकाळी त्याने पडदा आणला, तोही ओलसर. टांगून बघितला, तर वरपासून खालपर्यंत लाल. ना झाड, ना वेल, ना आभाळ.

"अरे, रान कुठाय?"

"हे फागुनातलं, मालक. पळस पेटल्यावर दुसरं दिसतं काय?"

"आणि झाडं?"

"झाडं तुम्ही मागितली नव्हती."

तबलजी पुटपुटला, "राणी आज मिरचीच्या पोत्यात शिरणार."

सगळे हसले. मालक हसले नाहीत. "प्रयोग पडला तर गावात कुणी तुझ्याकडे चिंधी देणार नाही, बघतोच," म्हणाले. युसुफचा चेहरा पांढरा पडला.

दर्शनी पडदा उघडला. हिरवा शालू नेसून मी त्या लालापुढे उभा राहिलो. टाळ्या ऐकल्यात, शिट्ट्या ऐकल्यात, पण तशी शांतता जन्मात ऐकली नाही. दरबारी मंडळींच्या हातातले विडे हातातच राहिले. माझं भाषण मीच विसरलो. इतक्यात मागून चैती नावाची मोखाड्याकडची म्हातारी उठून म्हणाली, "सर गं बाय पुढं, जळशील."

मी खरोखरच पुढे सरकलो. आणि एवढ्या प्रेक्षकांत कुणीही हसलं नाही.

सकाळी मी युसुफकडे गेलो. दारात चैती काखेत लुगडं धरून उभी, तिच्यामागे आणखी बायका.

"मला तसाच लाल करून दे," ती म्हणाली.

युसुफ हरखेल असं मला वाटलं. तो भिंतीला टेकला. "मावशी, आलीची मुळं उकळली, हिरडा घातला, रोजचंच केलं. काल दिव्यात बघितलं आणि मीच घाबरलो. कसा झाला, मला ठाऊक नाही."

"मंग जमंल तसा कर," चैती म्हणाली. "आमी का नाटकात नाचणार हाव?"

त्याने लुगडं घेतलं. मग पडद्याला किती मुळं घातली होती, ते बोटांवर मोजत आत गेला.