डिस्क भरली तेव्हा

मला सातवा महिना लागला होता आणि आमचा टीमप्रमुख बैठकीत नऊ माणसांसमोर म्हणाला, "या अवस्थेत लक्ष लागत नाही, साहजिक आहे. त्यांचा दोष नाही."

‘त्यांचा’ म्हणजे माझा. मी त्याच्या बरोबर समोर बसले होते. एकानेही मान वर केली नाही.

पुण्यातल्या त्या कंपनीत आम्ही परदेशी गिऱ्हाइकांसाठी फाइल सिस्टीम लिहायचो. संगणक अनेक, मध्ये डिस्क एकच, आणि सगळ्यांनी तिच्यावर लिहायचं, पण एकमेकांचं पुसायचं नाही. म्हणून लिहिण्याआधी प्रत्येक संगणकाने इतरांकडून लॉक मागून घ्यायचं आणि काम झालं की सोडायचं. हे सगळं लिनक्सच्या कर्नलमध्ये, अगदी पोटात चालायचं. तिथे चुकलं तर नुसता प्रोग्राम बंद पडत नाही, अख्खी यंत्रं गोठतात. गिऱ्हाइकाकडे तसंच झालं होतं. चार यंत्रं एकाच वेळी अडकली होती. लॉकचा गाभा प्रमुखाने लिहिलेला, फाइल लिहिण्याची आणि कापण्याची फंक्शनं माझी. पुण्यात महिनाभर चाचण्या केल्या, पण तो अडथळा काही पुन्हा दिसेना. मग न दिसणारी चूक कोणाची, हे त्याने ठरवून टाकलं.

माझी रजा सुरू व्हायला पाच आठवडे होते. मी थेट वरच्या साहेबांकडे गेले. माहेरी जाऊन तिथून या एकाच दोषावर काम करीन, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. ऑफिसच्या भंगारातल्या चार जुन्या हार्डडिस्क टॉवेलात गुंडाळल्या आणि धारूरला आले.

वडिलांचं बाजारात भांड्यांचं दुकान. आईला वाटलं मी आराम करायला आले. तिसऱ्याच दिवशी मी बाहेर निघालेली पाहून ती दारात आडवी उभी राहिली.

"कावून जीव जाळतीस गं त्या डब्यासंगं? लेकराचा तरी इचार कर."

"लेकराचाच करतेय."

"काय करतीस, ते मला दिसायलंय."

दुकानापलीकडे वरच्या मजल्यावर एक कॉम्प्युटर क्लास होता. चालवणारा मूळचा तलवाड्याचा, माझ्या भावाचा मित्र. भावाने गळ घातली म्हणून त्याने सकाळी अकरा ते दुपारी दोन, बॅचेस नसतात त्या वेळात, तीन संगणक दिले. दिले म्हणजे काय, रोज जिना चढून गेलं की तोंड वाकडं करून संगणकांच्या खोलीची किल्ली टेबलावर टाकायचा. मी त्याच्या डिस्क काढून माझ्या लावायची आणि जाताना पुन्हा त्याच्या बसवायची. तीन डिस्क तिन्ही यंत्रं चालवायला आणि चौथी, सगळ्यात लहान, तिसऱ्या यंत्रातून बाकीच्या दोघांना वाटून द्यायला. झालं माझं क्लस्टर. स्क्रू फिरवताना पोट टेबलाला लागायचं, म्हणून मी खुर्ची आडवी लावून बसायची.

"ताई, यात काय बिघडलं तर?" तो रोज विचारायचा.

"बिघडणार नाही."

"पुण्याची मानसं असंच म्हंत्यात."

चाचणी साधी होती. दोन्ही संगणकांनी एकाच फाइलवर लिहीत राहायचं आणि मधूनच ती फाइल कापून लहान करायची. पहिले सहा दिवस काही अडकलं नाही. एक तर लाइट जायची, नाहीतर दोन वाजायचे.

सातव्या दिवशी अडकलं. दोन्ही यंत्रं गप्प झाली, पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहिला. मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. आता कोणता प्रोग्राम कुठल्या फंक्शनात थांबलाय, हे कर्नलकडून पडद्यावर काढायचं आणि वहीत उतरवून घ्यायचं, इतकंच राहिलं होतं. मी वही आणायला पिशवीकडे वळले, तेवढ्यात मागे खट्ट असा आवाज झाला. क्लासवाल्याने दोन्ही संगणक बंद केले होते.

"हँग झालतं," तो म्हणाला. "बंद करून चालू केलं की होतंय नीट."

मी किंचाळले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण ‘अडाणी’ हा शब्द त्यात होता, आणि तो खाली रस्त्यापर्यंत ऐकू गेला असणार.

तो शांतपणे म्हणाला, "ओरडू नका. मशिनी माझ्या हायेत. पोटुशी बाई हाय म्हणून ऐकून घ्यायलोय, न्हाई तर कवाच जिना दाखवला असता."

पुन्हा तेच. पुण्यात पोटामुळे माझं ऐकायचं नव्हतं, इथे पोटामुळे माझं ऐकून घेतलं जात होतं. दोन्ही ठिकाणी मी काय बोलतेय, याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. मी माफी मागितली नाही. त्यानेही किल्ली द्यायची थांबवली नाही, भावाची भीड असावी. पण त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. मला ते बरंच वाटलं.

दोन दिवसांनी पुन्हा अडकलं. या वेळी मी वही मांडीवर घेऊनच बसले होते. एकेक फंक्शनाचं नाव उतरवलं आणि घरी येऊन कोडच्या छापील कागदांशी ताडून पाहिलं. दोष स्पष्ट होता. लिहिणारा प्रोग्राम आधी त्याच यंत्रापुरतं, फाइलचं लॉक घ्यायचा, मग सगळ्या यंत्रांमधलं सामायिक लॉक मागायचा. दुसऱ्या यंत्राची मागणी आली की जाग येणारा प्रमुखाचा प्रोग्राम मात्र नेमका उलट चालायचा, आधी सामायिक, मग फाइलचं. दोघांच्या हातात एकेक आणि दोघांनाही दुसऱ्याचं हवं. कोणीच सोडणार नाही. क्रम चुकला होता आणि तो क्रम त्याने लिहिलेला होता.

मी दुसऱ्या दिवशी क्लासच्या फोनवरून इंटरनेट जोडलं आणि मेल पाठवला, त्या बैठकीतल्या नऊही जणांना. दुरुस्ती सोबत जोडली. शेवटी एक ओळ लिहिली: ‘लक्ष कोणाचं नव्हतं, हे आता सगळ्यांना दिसेल.’ ती लिहिताना जी गोडी वाटली, ती कबूल करते. अजून जिभेवर आहे.

प्रमुखाचं उत्तर आलं नाही. मी दुरुस्त केलेलं मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये जोडायचा आमचा कोड, घालून चाचणी पुन्हा लावली, आता ही चालत राहील या खात्रीने. चाळीस मिनिटांनी यंत्रं पुन्हा गोठली.

पहिल्यांदा वाटलं, लाइटने काही घोटाळा केला. नावं उतरवली. या वेळी क्रम बरोबर होता. सगळे एकाच लॉकची वाट बघत होते आणि ते धरून बसलेलं मात्र कोणीच नव्हतं. घेणारा घेऊन निघून गेला होता. मग तिसऱ्या यंत्रावर पाहिलं, वाटून दिलेली ती लहान डिस्क काठोकाठ भरली होती. पुण्यातल्या मोठाल्या डिस्क आमच्या चाचण्यांनी कधी भरल्याच नव्हत्या. फाइल लिहिताना जागा संपली तर काय करायचं, त्या वाटेचा कोड काढला. जागा नाही, चूक परत कळव, बाहेर पड. बाहेर पडण्याआधी लॉक सोडायची ओळ नव्हती.

ते फंक्शन माझं होतं.

मी गिऱ्हाइकाकडून आलेला जुना अहवाल उघडला. त्यांची डिस्क भरत आल्याच्या सूचना त्यात सलग दोन दिवसांच्या होत्या. आम्ही कोणी त्या वाचल्याच नव्हत्या. प्रमुखाची चूक खरी होती, पण चार यंत्रं पाडली होती माझ्या चुकीने.

एक ओळ घालायची होती. पहिल्या दुरुस्तीत राहिलेलं किरकोळ काहीतरी म्हणून ती सरकवता आली असती, कोणी विचारलंही नसतं. मी ती ओळ तशी लिहूनसुद्धा पाहिली. मग कोडच्या जुन्या नोंदींमध्ये ते फंक्शन मी कधी लिहिलं ते शोधलं. तारीख पाहून मी बोटं मोजली. तेव्हा मला दिवसही गेले नव्हते.

दुसरा मेल त्याच नऊ जणांना गेला. ‘गिऱ्हाइकाकडचा दोष माझ्या फंक्शनातला आहे. दुरुस्ती जोडली आहे. ती चूक मी गरोदर नसताना केली आहे, तारीख सोबत आहे. तेव्हा तिचं कारण दुसरं शोधावं.’

या मेलला मात्र तासाभरात प्रमुखाचं उत्तर आलं. ‘दोन्ही दुरुस्त्या घेतल्या. आधीच्या मेलमधली भाषा मागे घ्याल अशी अपेक्षा आहे.’

मी लिहिलं, ‘बैठकीतली भाषा आधी आली होती.’

पुढे पत्रव्यवहार झाला नाही. दुरुस्त मॉड्यूलवर चाचणी लावून ठेवली. डिस्क भरली, चुका व्यवस्थित परत आल्या, यंत्रं चालत राहिली. अकरा ते दोन, सलग आठ दिवस. शेवटच्या दिवशी मी क्लासवाल्याच्या डिस्क जागच्या जागी बसवल्या, झाकणं लावली, किल्ली त्याच्यासमोर ठेवली.

"मिळालं का मग?" त्या भांडणानंतर पहिल्यांदाच तो बोलला.

"मिळालं. चूक माझीच होती."

तो खूश झाला. लपवायचा प्रयत्नही केला नाही. "मंग एवढं आरडत कावून व्हतात?"

मुलगी झाली. पाच महिन्यांनी मी पुण्याला परत गेले. माझं टेबल हलवलं होतं, मॉड्यूल दुसऱ्याला दिलं होतं आणि मला चाचण्यांच्या गटात टाकलं होतं. ‘बाळ लहान आहे, ताण नको’ असं कारण. मी भांडले. चार महिने भांडून लॉकचं काम परत मिळवलं आणि मग दोन वर्षं त्याच प्रमुखाच्या हाताखाली केलं. आम्ही एकमेकांना नमस्कार करत नसू. माझा कोड तो ओळ न् ओळ सोलून काढायचा आणि मी त्याचा. त्या दोन वर्षांत आमच्या मॉड्यूलचं एकही यंत्र कुठे गोठलं नाही. त्याचं श्रेय लोक आमच्या टीमवर्कला द्यायचे.

तो कंपनी सोडून गेला त्या दिवशी सगळ्यांनी केक कापला. मी जागेवरून उठले नाही. तो दारापर्यंत जाऊन परत आला, माझ्या टेबलाशी थांबला आणि म्हणाला, "तुमच्याबरोबर काम करणं फार त्रासाचं होतं."

"तुमच्याबरोबरही," मी म्हणाले, आणि पडद्याकडे वळले.