अद्याप एकही संदेश नाही

फोन आला तेव्हा मी ब्लाउजला हुक लावत होते. कऱ्हाडहून विमलताई बोलत होत्या, नीलिमाची आई. "नीलिमा गेली हो," म्हणाल्या, आणि लगेच, "तुमचं जेवण झालं का?" अशा वेळी माणूस काय बोलेल, सांगता येत नाही... मी "झालं" म्हटलं. झालं नव्हतं. मग तो हुक मी उलटा लावला, आणि नंतर उसवत बसले.

नीलिमा बारा वर्षं आमच्या वरच्या मजल्यावर राहिली, इथे म्हैसूरला, देवराज मोहल्ल्यात. नोकरी कॉम्प्युटरची, माणूस एकटं. आम्ही इथले जुने, सासऱ्यांपर्यंत कापड रंगवणारे, आमच्या बोलण्यात निम्मं कानडी. "मावशी, तुमचं मराठी म्हणजे भाजीत गूळ," म्हणायची. आमच्या इथल्या मराठी मंडळाची वेबसाइट तिनेच हौसेने करून दिली. आत जायला आणि नवीन नाव नोंदवायला तिने त्यात एक पेटी केली होती. पान उघडलं की मागचं सगळं मंद व्हायचं आणि मधोमध ती पेटी वर यायची. भरून झाली की पेटी जायची, पान होतं तिथेच. मी सातवी शिकलेली. शिवण बघून बघून शिकले, तशी ही पेटीही तिच्या शेजारी बसून शिकले. माझं बोट पेटीबाहेर लागलं की पेटी गायब, अर्धा तास टाइप केलेलं नाव, फोन, सगळं गेलं. "अय्यो!" मी ओरडायचे. ती हसायची नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून दाखवायची. आता बाहेर बोट लागलं तरी पेटी हलत नसे. बंद करायची फुली बारीक होती, ती तिने माझ्या अंगठ्याएवढी केली. "मावशीला जमलं म्हणजे मंडळाला जमलं."

तेव्हा तिचे उपचार सुरू झाले होते, डोक्याला रुमाल असायचा. तशीच ती लष्कर मोहल्ल्यातल्या हॉलमध्ये, मंडळाच्या सभेत, पेटी दाखवायला उभी राहिली. पडद्यावर आलं: नाव, फोन, जन्मतारीख, मूळ गाव. मूळ गाव भरल्याशिवाय पेटी पुढे सोडेना. आता आम्हा जुन्यांचं मूळ गाव कुठलं, ते आमच्या आज्यांनाही ठाऊक नव्हतं. "आमचं म्हैसूरच," अध्यक्ष म्हणाले. तिने गावांची यादी दिली होती, त्यात म्हैसूर नव्हतंच. मराठी माणूस मूळचा म्हैसूरचा असू शकतो, हे त्या पोरीच्या डोक्यात आलं नव्हतं, एवढीच चूक. लोक कुजबुजायला लागले, आणि मी... मी मागून मोठ्याने म्हणाले, "नीलिमा, तुझ्याकडे पाहुणा आला की दारातच त्याची पत्रिका मागतेस का गं?" हॉल हसला. कुणीतरी जोडलं, "आणि गाव नसेल तर हाकलते!" तीही हसली. हसताना रुमाल सरकला, तो तिने दोन्ही हातांनी धरला. तरी हॉलचं हसू थांबलं नाही. माझंही नाही.

आठवड्याच्या आत त्या यादीत म्हैसूर आलं, सगळ्यात वर. मग ती आईकडे गेली ती परत आलीच नाही.

अंत्यविधीला इथून कुणी गेलं नाही. लांब पडतं, म्हणाले. मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये जोडलेले हात भराभर पडले, पण ते विमलताईंना कुठून दिसणार? चिटणिसांनी वेबसाइटवर श्रद्धांजलीच्या पानावर तिचा फोटो लावला. ते पानही तिनेच केलेलं. पेटीतून आत जायचं आणि फोटोखाली दोन शब्द लिहायचे. कुणी लिहीपर्यंत तिथे एक ओळ दिसते, तीही तिनेच घालून ठेवलेली: "अद्याप एकही संदेश नाही."

विमलताई रोज ते पान उघडायच्या. ज्या गावात लेक बारा वर्षं राहिली, त्या गावाला ती कोण होती, एवढंच त्यांना बघायचं होतं. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "ताई, तिथे कुणी काही लिहिलं नाही का हो?"

चिटणिसांना मी आधीच टोकलं होतं. "लिहू की, सुम्ने उगाच घाई कशाला," म्हणाले होते. आणि मी? मी रोज उद्यावर ढकलत होते. त्या हॉलमधलं हसू कानात असताना काय लिहायचं? तर मी विमलताईंना सांगितलं, "अहो, ती पेटी बिघडलीय. लोकांना आत जाताच येत नाही."

त्या म्हणाल्या, "बिघडलेली नाही. मी आत्ताच आत जाऊन आले. काहीही नवीन केलं की ती आधी मला फोन करून भरायला लावायची. ती गेल्यावर तरी तिच्या कामाला नावं ठेवू नका."

मी रडायला लागले. आज लिहिते म्हटलं, सगळ्यांना लिहायला लावते म्हटलं.

"नको. सांगून लिहिलेलं मला नको. आणि तुम्ही लिहिलंत की ती ओळ जाईल. ती तिच्या हातची आहे, राहू दे."

हे सगळं पेपरात लिहू का, ते नंतर भीतभीत विचारलं. "लिहा," म्हणाल्या. "हॉलमध्ये काय बोललात, तेही लिहा. तिने सांगितलं होतं मला."

रोज दुपारी मशीनवर कापड टाकलं की मी ते पान उघडते. मागचं मंद होतं, पेटी वर येते, कोपऱ्यात माझ्या अंगठ्याएवढी फुली. मी आत जाते. फोटोखाली लिहायची चौकट उघडीच असते. तिला बोट लावत नाही. ओळ आहे ना, तेवढं बघते, आणि बाहेर येते.