करीच्या दिवशीचा पळस

बुलढाण्यात आमच्या कॉलनीमागून एक ओढा जातो. आधी सगळे त्याला नाला म्हणायचे आणि नाल्यासारखंच वागवायचे. मग काठाने पायवाट झाली, बाकडी आली आणि फाटकावर 'निसर्ग उद्यान' अशी पाटी लागली. नाव मिळाल्यावर माणसं जरा बिचकली, कचरा निम्म्यावर आला. उरलेल्या निम्म्याशी मी भांडते. एसटीच्या तिकीट खिडकीमागे जन्म गेला माझा, आवाज अजून शाबूत आहे.

उद्यानातल्या एका वळणावर काठ ढासळायचा. काम बघणारे साहेब म्हणाले, इथे सिमेंटची भिंत घालू. मी म्हटलं, आम्ही पळस लावलाय, त्याला जरा वाढू द्या. ते हसले. "ठीक आहे," म्हणाले, "या पावसाळ्यात काठ टिकला तर भिंत नाही." भिंत झाली असती तर ओढ्याचं गटार व्हायला कितीसा वेळ? मला ते बघवलं नसतं.

'आम्ही' म्हणजे मी आणि आमच्याच डेपोतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक. सगळे त्यांना भाई म्हणतात. पळस चिवट, मुळं खोल सोडतो, ढोरं त्याला तोंड लावत नाहीत. त्याला धोका एकच, पोळा. पोळ्याला आमच्याकडे दाराशी पळसाची डहाळी लावतात आणि दुसऱ्या दिवशी, करीला, 'इडापीडा घेऊन जा' म्हणत ती घराबाहेर नेऊन टाकतात. शेतं लांब गेली आणि कॉलनीला हाताशी पळस उरला तो फक्त आमचा. दर पोळ्याला रोपांचे शेंडे गायब. गुडघ्याच्या वर एकही जाईना.

यंदा मी ठरवलं, एक शेंडा तुटू द्यायचा नाही. भाईंच्या शेताच्या बांधावर पळस माजलेला आहे. पोळ्याच्या सकाळी ते रिक्षा भरून डहाळ्या घेऊन आले. फाटकाशी ढीग घातला आणि शेजारी मी स्टूल टाकून बसले.

"लाइनीत या! एका घराले एकच!"

"बाई," भाई म्हणाले, "आता फक्त तिकीट फाडायचं बाकी हाय."

लोक आले, डहाळ्या घेऊन गेले. वळणावरच्या रोपांकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. त्या दुपारी मी पुरणपोळी अशी जेवले की विचारू नका.

रात्री पाऊस झाला. करीच्या सकाळी उद्यानात पोचले तर वळणापुढच्या पुलाखालची मोरी पळसाने गच्च भरलेली. पहाटेपासून कॉलनीने डहाळ्या आणून जवळच्या वाहत्या पाण्यात सोडल्या होत्या, आणि जवळचं वाहतं पाणी म्हणजे हाच ओढा. तुंबलेलं पाणी वळणावर चढत होतं, मातीचे लपके सुटत होते. एका रोपाची मुळं उघडी पडली होती. रिक्षाभर डहाळ्या मीच वाटल्या, आणि करीला त्या कुठे जाणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही! याच रीतीत वाढलेली बाई मी.

पदर खोचला आणि पाण्यात उतरले. भाई चपला काढत मागून आले. "काल आणल्या त्या आज पुन्हा काढायच्या? अजब नोकरी हाय!" पण मोरीत पहिला हात त्यांनीच घातला. ओढून ओढून दोघांनी वाट मोकळी केली. पाणी उतरू लागलं, तरी काठ सुटतच होता. मग भाईंनी काठाला बांबूचे खुंट ठोकले आणि मी त्यांच्यामधून ओल्या डहाळ्या विणत गेले, शेतात कूड घालतात तशा. मागे चिखल दाबला.

लोक अजून येतच होते. "पाण्यात टाकू नका, मले द्या," मी ओरडत होते. काही जणांनी दिल्या. एक जण चिडला. "अवो बाई, पीडा हाय ते. वाहून गेली पाहिजे."

"सकाळीही वाहूनच जात होती," मी म्हटलं. "मोरीत अडकून बसली."

दुपारपर्यंत काठ थांबला. एका टोकाला हातभर जागा उघडी राहिली आणि डहाळ्या संपल्या. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतली म्हातारी आली. हातात डहाळी, पण ती पाण्यातही टाकेना आणि मलाही देईना.

"द्या ना, आजी."

"माह्या घरात सून आजारी हाय," ती म्हणाली. "तिची पीडा तुह्या झाडाजवळ कशी ठेवू? झाड मरंल तं?"

मला खरंच भरून आलं. सकाळपासून मी सगळ्या कॉलनीवर खेकसत होते, आणि या बाईला माझ्या झाडाची काळजी. मी तिच्या हातातली डहाळी घेतली, शेवटच्या दोन खुंटांमध्ये विणली आणि वर चिखल थापला.

"असू द्या आजी. पीडेले इथं काम हाय. माती धरून बसंल."

ती लुगडं वर धरून काठाशी उतरली आणि तो चिखल आपल्या पायाने नीट दाबू लागली.