बाबांना ऐकू न आलेला इशारा

मित्रांनो, मी हौसेनं ज्या मुक्त, म्हणजे कोणीही फुकट वापरावी-बदलावी अशा, ऑपरेटिंग सिस्टीमसाठी काम करते, तिचा बॅटरी संपत आल्याचा आवाज आज ठरणार होता. ती बनवणाऱ्या आमच्या गटाला एक बारीक, गोड आवाज आवडला होता. मलाही.

दुपारी तो घरी वाजवला. "बाबा, कसा वाटला?"

"आधी वाजव तरी!"

तीनदा वाजवला होता. बाबा कित्येक वर्षं गोखिवऱ्याच्या कारखान्याच्या गाळ्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर आहेत. त्या धडधडाटानं बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नाहीत.

"मग गाळ्यात एकमेकांना हाक कशी मारता?"

"हाक कसली! बत्ती दोनदा बंद-चालू करायची."

लगेच गटाला लिहिलं: प्रत्येक आवाजासोबत स्क्रीनही दोनदा उजळावी. निर्णय रविवारपर्यंत थांबलाय.

आवाज खाली जोडलाय. घरात न सांगता वाजवा. कोणाला ऐकू आला नाही, ते कळवाल?